बाक हो यांच्या गावाला: बाबांसोबत व्हिएतनाममधले सहा दिवस

बाबा साताऱ्याजवळच्या एका शाळेत 31 वर्षं इतिहास शिकवत होते. दर शिवजयंतीला प्रार्थनेनंतर ते मुलांना एक गोष्ट सांगायचे. व्हिएतनामसारख्या लहान देशाने अमेरिकेला नमवलं ते महाराजांचा गनिमी कावा अभ्यासून, आणि त्यांचे राष्ट्राध्यक्ष हो ची मिन्ह यांच्या समाधीवर ते महाराजांचे मावळे असल्याचं कोरून ठेवलंय. मी त्याच शाळेत होते, त्यामुळे ही गोष्ट मीही दरवर्षी ऐकली. पुढे तीच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागली तेव्हा बाबांना कोण आनंद झाला होता.

आई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडायला तयार नसत. यंदा मी हट्टाला पेटले, तेव्हा म्हणाले, "न्यायचंच असेल तर ती समाधी दाखव." मी आधी बरंच शोधलं होतं आणि अशा कोरीव ओळीचा कुठेच पत्ता लागला नव्हता. पण हे त्यांना साताऱ्यात बसून सांगायला जीभ रेटेना. म्हटलं, जाऊन डोळ्यांनीच बघू.

मे महिन्याचा मध्य ठरवला, कारण 19 मे हा हो ची मिन्ह यांचा जन्मदिवस आणि त्या सुमारास त्यांच्या गावातली कमळं फुललेली असतात. ई-व्हिसा, मुंबईहून थेट विमान, सगळं बिनबोभाट झालं.

दिवस पहिला: हनोई

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि कोकणातल्या मे महिन्यासारखा चिकट घाम फुटला. हॉटेलात सामान टाकलं, दोन तास पडलो आणि जुन्या बाजारपेठेत निघालो. तिथल्या हांग न्गांग रस्त्यावर 48 नंबरचं घर आहे. आजूबाजूला सगळी कपड्यांची दुकानं, आणि हे घरही एका कापड व्यापाऱ्याचंच होतं. त्रिन्ह वान बो त्यांचं नाव. ऑगस्ट 1945 मध्ये हो ची मिन्ह जंगलातल्या तळावरून हनोईत आले ते या घराच्या वरच्या मजल्यावर उतरले आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यांनी इथेच लिहिला. खाली गिऱ्हाइकांची ये-जा सुरू असताना वर एका देशाचा जन्म लिहिला जात होता. या कुटुंबाने क्रांतीला 5,147 ल्युओंग सोनं दिलं. ल्युओंग म्हणजे तिथला तोळा समजा, पण आपल्या तिप्पट वजनाचा.

वरच्या मजल्यावरच्या लिहिण्याच्या टेबलापुढे बाबा बराच वेळ थांबले. जाहीरनाम्याची सुरुवात अमेरिकेच्या 1776 च्या जाहीरनाम्यातल्या वाक्याने होते, सगळी माणसं समान जन्मतात या. पुढे फ्रेंच क्रांतीच्या हक्कनाम्यातलं वाक्य येतं. "ज्यांच्याशी लढायचं त्यांचंच वाक्य त्यांच्यापुढे ठेवायचं," बाबा म्हणाले. "हे वर्गात सांगायला हवं होतं मी."

रात्री नऊला बा दिन्ह चौकात झेंडा उतरवण्याचा सोहळा असतो, तो चुकवू नका. पांढऱ्या गणवेशातले सैनिक शिस्तीत चालत येतात, गवतापलीकडे समाधीची करडी इमारत उजळलेली असते आणि मुलं वडिलांच्या खांद्यावर बसून बघत असतात. 2 सप्टेंबर 1945 ला याच चौकात हो ची मिन्ह यांनी जाहीरनामा वाचला. वाचता वाचता मधेच थांबून त्यांनी लोकांना विचारलं होतं, माझं बोलणं ऐकू येतंय ना? त्याच वर्षी उत्तरेत दुष्काळाने लाखो माणसं मेली होती. अशा माणसांसमोर उभं राहून विचारलेला हा प्रश्न बाबांना फार लागला. परत येताना रस्ताभर तोच विषय.

हॉटेलातल्या स्वागतकक्षात बसणाऱ्या मुलीने एक छान गोष्ट सांगितली. सगळे हो ची मिन्ह यांना 'बाक हो' म्हणतात, आणि इंग्रजीत त्याचं नुसतं अंकल करून टाकतात. पण तिच्या भाषेत वडिलांच्या धाकट्या भावाला 'चू' आणि थोरल्याला 'बाक'. "म्हणजे थोरले काका!" बाबा लगेच म्हणाले. आमच्याकडे थोरल्या काकांपुढे आजोबासुद्धा आवाज चढवत नसत, हे त्यांनी तिला माझ्यामार्फत समजावून सांगितलं. तिने मान डोलावली. तिच्याकडेही तसंच होतं.

दिवस दुसरा: समाधी

आधी कामाचं. समाधी फक्त सकाळी उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. पावसाळ्याच्या दिवसांत देखभालीसाठी काही आठवडे पूर्ण बंद ठेवतात, तेव्हा तारखा पाहूनच तिकिटं काढा. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. आत फोटो नाही, बोलणं नाही, हात खिशात नाहीत. साडेसहाला रांगेत लागा. आम्ही सातला गेलो तर रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली होती.

रांगेत बहुतेक खेड्यापाड्यांतून बस करून आलेली माणसं होती. छातीवर पदकं लावलेले म्हातारे सैनिक, नवे कपडे घातलेल्या आज्या, शाळांच्या सहली. पंढरपूरच्या दर्शनबारीत जसे लोक दमले तरी चिडत नाहीत, तसंच इथे. बाबांच्या पुढच्या आजोबांना एक हात नव्हता. त्यांनी आपली छत्री दोघांवर धरली.

समाधीच्या दर्शनी भागावर वर अक्षरं कोरलेली आहेत. बाबांनी चष्मा पुसून ती माझ्याकडून एकेक करून वाचून घेतली. 'चू तिक हो ची मिन्ह'. चू तिक म्हणजे अध्यक्ष. एवढंच. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत एक वाक्य आणि खाली त्यांची सही: स्वातंत्र्य आणि मुक्ती यांहून मोलाचं काही नाही. 1966 मध्ये अमेरिकी बॉम्बफेक चालू असताना देशाला केलेल्या आवाहनातलं ते वाक्य. मग जिना, गारठा, मंद उजेड आणि काचेखाली ते. खाकी पोशाख, पांढरी विरळ दाढी, चार कोपऱ्यांना चार सैनिक. थांबू देत नाहीत, चालतच जायचं. दोन मिनिटांत आपण पुन्हा उन्हात.

बाहेर आल्यावर बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही.

पुढे बागेतून वाट जाते ती लाकडी खांबांवरच्या घराकडे. वाटेत पिवळा भव्य राष्ट्रपती महाल लागतो, फ्रेंच गव्हर्नर जनरलचा. तिथे राहायला हो ची मिन्ह यांनी नकार दिला. 1954 मध्ये ते महालाच्या इलेक्ट्रिशियनच्या घरात राहिले, आणि 1958 मध्ये तळ्याकाठी हे खांबांवरचं घर बांधलं. उत्तरेतल्या डोंगराळ भागातल्या आदिवासींची घरं असतात तसं. वर दोनच खोल्या, झोपायची आणि लिहायची. खाली भिंती नसलेली बैठक, तिथे पक्षाच्या बड्या पुढाऱ्यांची बैठक भरायची. तळ्यात मोठाले मासे. ते टाळी वाजवून त्यांना खायला बोलवत.

तिथे एक कॉलेजची मुलगी लोकांना माहिती देत होती. बाबांनी तिला माझ्यामार्फत विचारलंच, "त्यांच्या समाधीवर आणखी काही लिहिलंय का? दुसऱ्या कुणा राजाचं नाव?" तिला कळेना. मी सगळी गोष्ट सांगितली. तिने ती मनापासून ऐकली आणि म्हणाली, "त्यांना तर समाधीच नको होती." मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं होतं की माझं दहन करा, रक्षेचे तीन भाग करून उत्तर, मध्य आणि दक्षिणेतल्या टेकड्यांवर ठेवा. तिथे शिलालेख नको, पुतळा नको. येणाऱ्यांसाठी साधंसं घर असावं आणि प्रत्येकाने एक झाड लावावं. 2 सप्टेंबर 1969 ला ते गेले, स्वातंत्र्यदिनीच. पुढाऱ्यांनी देह जतन करायचं ठरवलं, मृत्यूची तारीख एक दिवस पुढची सांगितली, आणि दहनाची इच्छा लोकांना कळली ती थेट 1989 मध्ये.

बाबा तळ्याकाठच्या कठड्यावर बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ज्याने दगडावर काही लिहू नका म्हणून सांगितलं, त्याच्या दगडावर मी 31 वर्षं लिहीत होतो."

मला काय बोलावं सुचेना. मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

शेजारच्या संग्रहालयात त्यांच्या टायरच्या चपला पाहिल्या. आमच्या आजोबांच्या पायात अगदी तशाच असायच्या, ट्रकच्या टायरचा तळ आणि रबराचे पट्टे. बाबा तिथे पहिल्यांदा हसले.

रात्रीची गाडी

हनोई ते विन्ह 319 किलोमीटर, सहा-एक तास. चार बर्थचा डबा घ्या, चादरी स्वच्छ असतात. शाकाहारी असाल तर 'आन चाय' एवढे दोन शब्द पाठ करा, म्हणजे 'शाकाहारी जेवते'. 'चाय' लिहिलेली पाटी दिसली की तिथे निर्धास्त जेवा.

गाडीत झोप लागेना, म्हणून फोनवर जमा करून ठेवलेली माहिती बाबांना वाचून दाखवू लागले. 1911 मध्ये देश सोडलेला हा माणूस 30 वर्षांनी, 28 जानेवारी 1941 ला चीनच्या सीमेवरून परतला आणि पाक बो नावाच्या गुहेत राहिला. तिथल्या दिवसांत त्यांनी दोन गोष्टी केल्या. गनिमी पद्धतीने कसं लढायचं याची छोटी पुस्तिका काढली, आणि आपल्या देशाचा इतिहास 208 ओळींत पद्यात रचला, निरक्षर माणसालाही पाठ व्हावा असा.

"त्यात कोण कोण आहे?" बाबांमधला मास्तर उठून बसला. मी वाचत गेले. पहिल्या शतकात हत्तीवर बसून चिन्यांशी लढलेल्या त्रुंग बहिणी. तेराव्या शतकात मंगोलांशी झुंजलेला त्रान हुंग दाओ. 1288 मध्ये त्याने बाक दांग नदीच्या पात्रात टोकदार खांब रोवले, भरतीच्या वेळी शत्रूच्या जहाजांना आत येऊ दिलं आणि ओहोटी लागताच ती सगळी खांबांवर अडकली. मग ले लोई. 1418 मध्ये मिंग साम्राज्याविरुद्ध डोंगरात उठला, हरला, पळाला, पुन्हा उभा राहिला आणि 10 वर्षांनी जिंकला. "कुठले डोंगर?" बाबांनी विचारलं. मी नकाशा काढला. आमची गाडी त्या वेळी थान होआ प्रांतातून चालली होती. ले लोईचं लाम सोन त्याच प्रांतातलं. बाबांनी पडदा सरकवला. बाहेर मिट्ट काळोख होता, तरी काचेला कपाळ टेकून बसले.

शेवटी क्वांग त्रुंग आला. 1789 च्या तेत सणात, म्हणजे तिथल्या नव्या वर्षाच्या सणात, शत्रू मेजवान्यांत गुंग असताना त्याने झपाट्याने येऊन हनोईतून चिनी फौज हाकलली. "1789," बाबा म्हणाले, "तेव्हा दिल्लीत महादजींचा अंमल होता." आणि मग हळूच, "यांच्या घरात इतकं होतं, पोरी. आपल्याकडून मागायची गरजच कुठे होती?"

दिवस तिसरा: किम लिएन

या दिवसासाठी मी पुन्हा जाईन.

विन्ह स्टेशनवर पहाटे उतरलो. समोरच्या टपरीत एका वाडग्यात चाओ लुओन घेतलं, म्हणजे ईल माशाची तांदळाची पेज. झणझणीत, वर हळद आणि छोट्या कांद्याची फोडणी. या भागाची ही खासियत. हळदीचा वास आला तसे बाबा खूश. त्यांनी दुसरा वाडगा मागवला.

किम लिएन, म्हणजे हो ची मिन्ह यांचं गाव, तिथून जेमतेम 15 किलोमीटर. टॅक्सी जाऊन-येऊन ठरवा. जन्मदिवसाचा आदला दिवस, त्यामुळे झेंडे, गर्दी, गाणी. आणि खरोखर कमळं! रस्त्याच्या दोन्ही अंगांना तळी, पानं माणसाच्या कमरेपर्यंत, गुलाबी फुलं. 'सेन' म्हणजे कमळ, आणि त्यांच्या वडिलांचं गाव लांग सेन.

आधी आईचं गाव, होआंग त्रू. इथे 1890 मध्ये ते जन्मले, तेव्हाचं नाव न्गुएन सिन्ह कुंग. तीन खणांचं गवताने शाकारलेलं घर, बांबूच्या भिंती, एक बांबूची खाट. आणि खिडकीशी हातमाग. आई होआंग थी लोआन विणकर होती. नवरा शिकत होता, परीक्षा देत होता, आणि घर चालत होतं या मागावर. मागाचा दांडा हाताने धरून धरून मध्ये काळा आणि गुळगुळीत झाला होता. माझी आई शिलाई मशीन चालवायची. तिच्या मशीनच्या चाकावर हात ठेवायची जागा अशीच झिजली होती. बाबांच्याही ते लक्षात आलं असावं. ते तिथून हलेनात.

एक छोटीशी गंमत करा. 5,00,000 डाँगची नोट जवळ ठेवा. तिच्या मागच्या बाजूला किम लिएनमधलं त्यांचं घर आहे. नोट समोर धरून लोक फोटो काढतात, आम्हीही काढला. आणि सांभाळा, 20,000 ची नोटसुद्धा निळीच असते. घाईत द्यायला गेलात तर 25 पट पैसे जातील.

दोन किलोमीटरवर लांग सेन. 1901 मध्ये वडील न्गुएन सिन्ह साक राजदरबारची मोठी परीक्षा पास झाले, तेव्हा गावाने वर्गणी काढून त्यांना पाच खणांचं घर बांधून दिलं. पण ज्या बाईच्या मागावर ही परीक्षा पास झाली, ती ते घर पाहायला राहिली नव्हती. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ह्यूमध्ये, तेव्हाच्या राजधानीत, बाळंतपणानंतर ती वारली. तिची समाधी मात्र इथे, किम लिएनजवळच्या डोंगरावर आहे, तिच्यावरचं छत हातमागाच्या आकाराचं.

इथे अकराच्या सुमाराला वारं सुटलं. त्याला तिकडे लाओ वारं म्हणतात, डोंगरापलीकडून येतं, कोरडं आणि भट्टीसारखं. बाबांना भोवळ आली. अंगणाबाहेर चिंचोळ्या सावलीत एक सत्तरीतली बाई पाणी विकत बसली होती. तिने त्यांना धरून आपल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, डोक्यावरची शंकूसारखी टोपी काढून वारा घातला आणि थर्मासमधून हिरवट चहा दिला. ताज्या पानांचा, कडू, दूध नाही, साखर नाही. सोबत कू दो. तांदळाच्या पापडांमध्ये गूळ, शेंगदाणे आणि आलं. लोणावळ्याची चिक्की खाऊन वाढलेल्या माणसाला ही वडी परकी कशी वाटणार? बाबांनी दोन खाल्ल्या आणि चेहऱ्यावर रंग आला.

तिने फोनवरच्या भाषांतरातून आधी बाबांचं वय विचारलं. तिकडे वय कळल्याशिवाय माणसाला काय म्हणायचं तेच ठरत नाही. कळल्यावर ती त्यांना 'बाक' म्हणू लागली. तो शब्द बाबांनी बरोबर ओळखला. त्यांनी हात जोडले.

हो ची मिन्ह 1957 मध्ये इथे परतले तेव्हा तिने त्यांना पाहिलं होतं, खूप लहान असताना, कडेवर बसून. 50 वर्षांनी आलेला माणूस! मधल्या काळात वडील 1929 मध्ये दूर दक्षिणेत वारले, ते त्यांना भेटलेच नाहीत. 1950 मध्ये थोरला भाऊ गेला तेव्हा ते लढाईत होते. नातेवाइकांना त्यांनी तार करून येता आलं नाही म्हणून माफी मागितली. तिच्या वडिलांनी तिला सांगितलेलं तिला एवढंच आठवत होतं की ते अंगणात आले आणि जुन्या शेजाऱ्यांची नावं विचारत राहिले.

मी तिला एक अवघड प्रश्नही विचारला. 1953 ते 1956 या काळात जमीन सुधारणेत हजारो लोकांना जमीनदार ठरवून मारलं गेलं. चुका झाल्याचं हो ची मिन्ह यांनी 1956 मध्ये जाहीरपणे मान्य केलं, आणि त्याच वर्षी याच न्घे आन प्रांतात शेतकऱ्यांनी उठाव केला, तो सैन्य घालून मोडला गेला. तिने फोनवरचं भाषांतर वाचलं, थोडा वेळ तळ्याकडे पाहिलं आणि बाबांचा पेला पुन्हा भरला. एवढंच तिचं उत्तर होतं. मी पुढे विचारलं नाही. पण हे इथे लिहायला हवं, कारण आदर वाटला म्हणून ती माणसं हिशेबातून वगळता येत नाहीत.

पैसे तिने फक्त कू दोचे घेतले.

दिवस चौथा आणि पाचवा: ह्यू

ह्यूला बहुतेक लोक राजवाडा आणि राजांच्या समाध्या पाहायला जातात. आम्हीही पाहिल्या, सुंदर आहेत, त्यांचं वर्णन हजार ठिकाणी मिळेल. मला सांगायचंय ते माय थुक लोआन रस्त्यावरच्या 112 नंबरच्या बैठ्या घराबद्दल. हो ची मिन्ह यांची आई वारली ती इथे. वडील आणि थोरला भाऊ थान होआला परीक्षेच्या कामावर गेलेले. घरात 10 वर्षांचा कुंग आणि नुकतं जन्मलेलं भावंड. पुढे ते बाळही गेलं. आम्ही गेलो तेव्हा घरात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. बाबा उंबऱ्यात उभे राहिले, आत आले नाहीत.

नदीकाठची लाल रंगाची क्वोक होक शाळाही पाहा. 1908 मध्ये कराविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा ह्यूत आला तेव्हा हो ची मिन्ह इथे शिकत होते. या शाळेचे संस्थापक न्गो दिन्ह खा. त्यांचाच मुलगा न्गो दिन्ह दिएम पुढे दक्षिण व्हिएतनामचा अध्यक्ष झाला, हो ची मिन्ह यांचा कट्टर विरोधक. वर्गाच्या खिडक्या बघत बाबा म्हणाले, "एका शाळेने किती काय काय घडवलं!" सुट्टी होती, तरी शिपायाने मास्तर आहेत म्हटल्यावर व्हरांड्यातून फिरू दिलं.

जेवायला कोम हेन घ्या. नदीतल्या बारीक शिंपल्या, गार भात, शेंगदाणे, भरपूर मिरची. रत्नागिरीकर असाल तर नक्कीच.

दिवस सहावा: सायगॉन

1976 पासून शहराचं नाव हो ची मिन्ह सिटी आहे, पण रिक्षावाल्यापासून सगळे सायगॉनच म्हणतात. नदीकाठी न्हा रोंग आहे, छपरावर ड्रॅगन असलेली जुनी फ्रेंच जहाज कंपनीची इमारत. इथून 5 जून 1911 ला 21 वर्षांचा मुलगा एका जहाजावर स्वयंपाकघरातला हरकाम्या म्हणून चढला. जहाजावर नाव सांगितलं बा. एका मित्राने विचारलं होतं, पैसे कुठून आणणार? त्याने दोन्ही हात पुढे केले, असं सांगतात. पुढे लंडनच्या हॉटेलात काम, पॅरिस, 1919 मध्ये व्हर्सायच्या परिषदेला देशासाठी अर्ज, मॉस्को, चीन, तुरुंग. 1945 मध्ये राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत 34 वर्षं.

पाऊस आला आणि आम्ही छपराखाली अडकलो. बाबांनी खिशातून फोन काढला आणि निवृत्त शिक्षकांच्या गटासाठी एकेक अक्षर शोधत मजकूर लिहू लागले. दोनदा खोडला. मग मला वाचायला दिला.

"समाधी मी स्वतः पाहिली. तिथे महाराजांचं नाव नाही. फक्त त्यांचंच नाव आहे. ती गोष्ट मी मुलांना चुकीची सांगितली. आता जी पाहिली ती सांगतो. त्यांची आई विणकर होती."

खाली त्यांनी मागाचा फोटो जोडला, त्या झिजलेल्या दांड्याचा. "पाठवू?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.